वाक्य गावात फिरलं पाहिजे: पहिल्यांदाच माईक, फ्लेक्स नाहीतर घोषणा गळ्यात पडलेल्यांसाठी

थंडी पडली की आमच्या बेळगाव भागात गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, त्याच्या आगेमागे यात्रा आणि कुस्ती मैदानं, पुढं शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, मग गणपतीतले सजीव देखावे, आणि या सगळ्याला कुणीतरी बोलणारा लागतो. हा बोलणारा बऱ्याचदा आधी ठरलेला नसतोच. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "ह्याचं बीए मराठीत झालंय की, ह्यालाच द्या", आणि झालं. निवेदन तुमच्याकडं, फ्लेक्सवरची ओळ तुमच्याकडं, रॅलीतल्या घोषणा तुमच्याकडं. हा लेख अशा माणसासाठी आहे. भाषण कसं करावं हे मी सांगणार नाही, त्याची पुस्तकं ढीगभर आहेत. एक ओळ लोकांच्या डोक्यात कशी बसते आणि ती जमणारी माणसं नेमकं काय करतात, एवढंच सांगतो.

आधी एक फरक समजून घ्या. टाळीचं वाक्य वेगळं आणि लक्षात राहणारं वाक्य वेगळं. टाळीचं वाक्य मंडपात वाजतं आणि चहाच्या टपरीपर्यंत विसरून जातं, "काय जबरदस्त बोलला मर्दा" म्हणतील, खरं (आमच्याकडं "पण"ला "खरं" म्हणतात) काय बोलला विचारलं तर सांगता येणार नाही. दुसऱ्या जातीच्या वाक्याला जागेवर कदाचित टाळी पण पडत नाही, पण चार दिवसांनी कुणीतरी तेच वाक्य तुमच्याच समोर तुम्हालाच ऐकवतं, आणि ते तुमचं आहे हे त्याच्या गावी पण नसतं. आपल्याला हे दुसरं पाहिजे. म्हणजे वाक्य तुमच्या तोंडासाठी बनवायचं नाही, ऐकणाऱ्याच्या तोंडात बसेल असं बनवायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या ह्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: अशी माणसं शोधा आणि त्यांच्याजवळ गप्प बसा

प्रत्येक गल्लीत असा एक माणूस असतोच ज्याची वाक्यं लोक नाव घेऊन सांगतात, "आमचे अण्णा म्हणायचे ना..." करून. ही माणसं बहुतेक वेळा स्टेजवर नसतात. शिकलेलीच असतात असंही नाही. सिटी बसचा कंडक्टर बघा, दिवसभर तीच गर्दी, तेच ओरडणं, त्यामुळं ज्याची जीभ मुळात तिखट आहे त्याची वाक्यं घासून घासून धारदार होतात. हिंडलग्याकडं जाणाऱ्या गच्च भरलेल्या बसमध्ये एक कंडक्टर आधी कन्नडमध्ये "मुंद होग्री, मुंद होग्री" ओरडत होता, कुणी हललं नाही, मग मराठीत म्हणाला, "पुढं सरका, मागं पण माणसंच हाईत." सगळी बस हसली आणि सरकली पण. ह्या वाक्यात काय आहे सांगा? अवघड शब्द एक नाही, यमक नाही. पुढं-मागं अशी जोडी आहे, आणि त्या "पण"मध्ये सगळा टोमणा भरलाय. "पण" काढून म्हणून बघा, वाक्य मरतं.

दुसरी जागा कुस्तीचं मैदान. तिथला निवेदक हा माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात अवघड काम करणारा बोलका माणूस आहे. हलगी वाजतेय, आखाड्याभोवती हजारो माणसं, पैलवान एकमेकांत अडकून दहा-दहा मिनिटं हलत नाहीत आणि ह्याला बोलत राहायचंय. डाव घिस्सा लागला का एकचाक हे तर त्याला बरोबर ओळखावंच लागतं, त्यात चूक झाली तर पुढच्या रांगेतले म्हातारे वस्ताद तिथंच ओरडतात, पण मधल्या रिकाम्या वेळात तो जे बोलतो तिथं खरी कला दिसते. एकाच्या तोंडून ऐकलेलं: "हात मिळवायला गाव येतंय, पाठ लावायला एखादाच." कुस्तीबद्दल आहे, खरं सोसायटीच्या निवडणुकीला पण चालतं, लग्न जमवणाऱ्याला पण चालतं. मैदानाबाहेर पडताना दोन पोरं तेच म्हणत चालली होती.

तिसरी जागा बाजार, गणपत गल्ली, खडे बाजार, नाहीतर शनिवारचा कुठलाही आठवडी बाजार. आणि चौथी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या बायका, ह्यांच्याकडं जेवढा माल आहे तेवढा कुठल्याच साहित्यिकाकडं नाही, पण त्या कार्यक्रमात बोलत नाहीत, भांडणात बोलतात. तेव्हा कान उघडे ठेवा.

ऐकलेलं वाक्य तिथल्या तिथं मोबाईलमध्ये लिहा, स्वतःलाच व्हाट्सअपवर पाठवायची सोय आहेच. लिहिताना सुधारू नका. "हाईत" ऐकलंत तर "हाईत"च लिहा, "आहेत" करू नका, आणि कुठल्या प्रसंगाला बोलले ते चार शब्दांत खाली लिहा, नाहीतर महिन्याभरानं वाचल्यावर त्यात काय गंमत होती तेच कळत नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करा. तसंही माईक दिसला की ही माणसं एकदम शुद्ध बोलायला लागतात आणि मग काही उपयोग नसतो.

दुसरी पायरी: टिकलेली वाक्यं खोलून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि डायरेक्ट लिहायला बसतात. तसं करू नका. जे वाक्य तीन पिढ्या टिकलंय त्यात काहीतरी इंजिन असणारच, ते बघायला फुकट मिळतंय तर बघा की.

म्हणींपासून सुरू करा, आणि आपण दोन भाषांच्या मध्ये राहतो त्याचा फायदा घ्या. आपण म्हणतो "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे". शेजारची कन्नड अक्का म्हणते "अत्तेगोंदु काल, सोसेगोंदु काल". सासूची एक वेळ, सुनेची एक वेळ. दोन्हीकडं सांगाडा एकच: तेच शब्द दोनदा, फक्त एक माणूस बदललाय. निम्मं ऐकलं की उरलेलं निम्मं ऐकणाराच म्हणतो. तसंच "ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल", जेवायचं कळतं त्याला रोग नाही, बोलायचं कळतं त्याला भांडण नाही. ही म्हण कन्नड येत नसलेल्या माणसाला दोनदा ऐकवा, तिसऱ्यांदा तो चाल तरी धरतोच. आता "नाचता येईना अंगण वाकडं" घ्या, इथं अशी जोडी नाहीये, पण अंगण आहे. अंगण डोळ्यासमोर येतं. "स्वतःची उणीव लपवण्यासाठी परिस्थितीला दोष देणे" असं म्हटलं असतं तर ते फक्त परीक्षेच्या पेपरातच राहिलं असतं.

मग घोषणा बघा. आपल्या भागात लहानपणापासून कानावर असलेली घोषणा म्हणजे "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे". सीमाप्रश्नावर ज्याचं जे मत असेल ते असू दे, आपण इथं फक्त बांधणी बघतोय. घोषणा छोटी पाहिजे, तीन-चार शब्दांची पाहिजे, असं सगळे सांगतात, आणि ही तर चांगली लांबलचक आहे, तरी १९५६ च्या भाषावार राज्यरचनेनंतर जन्मलेल्या, त्यांच्या पोरांच्या आणि नातवांच्या पण तोंडात आहे. कशामुळं? एक म्हणजे ती दोन गळ्यांसाठी बनलीय, पुढचा माणूस गावं मोजत जातो आणि "झालाच पाहिजे" हे सगळा जमाव म्हणतो, म्हणजे जमावाला पाठ करायचे शब्द दोनच. दुसरं म्हणजे गावांची नावं. निपाणीवाल्याला आपलं नाव ऐकू येतं, बिदरवाल्याला आपलं, कुणीच बाहेरचा राहत नाही. आणि त्या "च"ला विसरू नका. "झाला पाहिजे" म्हणजे अर्ज, "झालाच पाहिजे" म्हणजे आंदोलन.

दुसरी घोषणा शेतकरी संघटनेची, "भीक नको, हवे घामाचे दाम". १९८१ साली निपाणीत तंबाखू उत्पादकांचं मोठं आंदोलन झालं, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. निपाणी भागातल्या जुन्या माणसांना हे सगळं अजून तारीखवार आठवतं. जोशी कॉमर्स शिकलेले, त्यांचा मुद्दा उत्पादन खर्च आणि भावाचा, आकडेमोडीचा होता. तो तसाच मांडला असता तर तंबाखूच्या शेतात कुणी डोक्यात ठेवला असता का? "घामाचे दाम" म्हटल्यावर ठेवला. घाम-दाम हे यमक आहे, पण वाक्याच्या शेवटी लटकवलेलं नाही, आतच बसलंय, म्हणून कविता वाटत नाही. आणि आधी "नको" मग "हवे". नकार पहिला आला की माणूस कान टवकारतो, मग नेमकं काय पाहिजे म्हणून.

"इंडिया विरुद्ध भारत" पण जोशींनीच रुजवलं. तीन शब्दांत एक अख्खा वाद, आणि दोन्ही नावं देशाचीच. ह्यावर जास्त बोलत नाही, तुम्हीच खोलून बघा.

तिसरं उदाहरण बेळगावचंच म्हणता येईल. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली, अध्यक्ष होते मुंबईचे वकील जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा. "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच" हे आपण टिळकांचं म्हणून पाठ केलं, खरं त्या शब्दांचं मूळ श्रेय बॅप्टिस्टांना दिलं जातं. १९४२ च्या "क्विट इंडिया"चं पण तसंच, शब्द सुचले युसुफ मेहेरअलींना, देशभर पोचले गांधीजींच्या तोंडून. म्हणजे वाक्य बनवणारा एक आणि ते गाजवणारा दुसरा असं राजरोस चालतं. तुम्ही फ्लेक्सवर ओळ लिहिणार आणि ती अध्यक्ष आपल्या भाषणात स्वतःची म्हणून वापरणार, तेव्हा ही नावं आठवा, तेवढाच धीर येतो.

तिसरी पायरी: आधी साध्या भाषेत म्हणायचं काय ते ठरवा

ही छोटी आहे. सजवायच्या आधी मित्राला टपरीवर जसं सांगाल तसं एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही तर तुमच्याकडं सांगायलाच काही नाहीये, आणि मग कितीही यमकं जुळवा, उपयोग नाही. दोन मुद्दे निघाले तर एक फेका. फेकवत नसेल तर दोन फ्लेक्स करा.

चौथी पायरी: धरायला एक वस्तू द्या

पोतं उचलायला जसे त्याला कान लागतात तसं वाक्य उचलून न्यायला एखादी वस्तू लागते. अंगण, घाम, पाठ, बसमधली मागची माणसं. "प्रगती", "एकता", "संस्कृती", "बांधिलकी" हे शब्द गुळगुळीत आहेत, हातातून सुटतात.

इथं एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण नुसतं "वस्तू द्या" म्हणून कुणाला काही कळत नाही. समजा गणेशोत्सव मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलंय, गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी तिन्ही घरं आहेत, आणि फ्लेक्सला एक ओळ पाहिजे.

पहिल्यांदा डोक्यात येणार "रक्तदान हेच श्रेष्ठ दान". खोटं काहीच नाही त्यात, खरं हे वाक्य लोकांनी इतक्या वेळा बघितलंय की आता दिसतच नाही. पहिल्यांदा सुचलेलं वाक्य दुसऱ्या कुणाचं तरी असतं असं धरूनच चाला, ते कागदावर लिहा आणि पुढं सरका.

आता साध्या भाषेत काय म्हणायचंय? की रक्त देताना कोण कुठल्या भाषेचा हे कुणी बघत नाही. मग दुसरा कच्चा खर्डा येतो, "रक्ताला जात, धर्म, भाषा नसते". बरं आहे, पण असं आपण कशाबद्दलही म्हणतो. पावसाला जात नसते, भुकेला जात नसते, कलेला भाषा नसते. वस्तू कुठाय?

आता शिबिरात जाऊन बघा, निदान आठवा तरी. खाट, दाबायला दिलेला रबरी बॉल, नंतरचा ज्यूस आणि बिस्कीट, आणि ती पिशवी, जिच्यावर लेबल असतं. लेबलवर रक्तगट मोठ्या अक्षरात असतो. सापडली वस्तू. "रक्ताच्या पिशवीवर फक्त रक्तगट लिहिलेला असतो, रक्त देणाऱ्याची मातृभाषा त्यावर लिहिलेली नसते." मुद्दा आला, खरं हे वाक्य पाठ करायला नातेवाईक पण तयार होणार नाहीत. कापा. "पिशवीवर गट असतो, भाषा नसते." जास्तच कापलं. पिशवी म्हटल्यावर कुणालाही आधी बाजाराची पिशवी आठवणार, "रक्ताच्या" परत घ्या. "असतो-नसते" जोडी छान आहे, पण "नसते"वर आवाज खाली पडतो, आणि शेवटचा शब्द लोकांच्या कानात राहणार आहे. मग: "रक्ताच्या पिशवीवर गट लिहितात, भाषा नाही."

सहा शब्द. शेवटी "भाषा नाही" येतं, जोरात म्हणता येतं. पिशवी दिसते. आणि आपल्या गावात ह्याचा एक जादा अर्थ लागतो तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हेच वाक्य सातारला लावलं तर नुसतं बरं वाटेल, बेळगावात लावलं तर माणूस गाडी हळू करून वाचेल. जागेचा असा उपयोग होतो. त्याच्याखाली कन्नडमध्ये पण ओळ द्यायची असेल तर ती कन्नड मित्राकडून घ्या, त्याला मुद्दा सांगा आणि त्याचं त्याला सुचू दे, तुमचं वाक्य शब्दाला शब्द फिरवायला लावू नका.

पाचवी पायरी: मोठ्यानं म्हणा, शक्यतो गोंगाटात

कागदावरची ओळ आणि कर्ण्यातून येणारी ओळ ह्यात लय फरक आहे. "सर्वसमावेशकतेच्या दृष्टिकोनातून" हे कर्ण्यातून "सर्वसमा... टिकोनातून" असं येतं, मधलं वाऱ्यावर. जोडाक्षरं कमी करा. एका श्वासात संपलं पाहिजे, आणि घोषणा असेल तर चालता चालता म्हणून बघा, पावलाबरोबर पडते का. काकतीच्या चढावर म्हणून बघा, दम लागला तर वाक्य लांब आहे.

यमकाबद्दल लोकांना फार प्रेम आहे म्हणून थोडं कडक सांगतो. यमक हे मसाल्याचं काम करतं असं सगळे समजतात, माझं मत उलटं आहे, यमकानं वाक्य हलकं होतं, हसायला येतं. गाडीच्या मागं "बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं" फिट बसतं, कारण तिथं हसवायचंच आहे. पण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर लोक यमकं जुळवतात तेव्हा गेलेल्या माणसाची कीव येते. गंभीर जागी यमक लागलंच तर आत लपवा, घामाचे दामसारखं.

सराव करायचा असेल तर उखाणे घ्या, लग्नसराईत मागणी पण असते. बहुतेक उखाण्यांत पहिली ओळ नुसती यमकासाठी आणून बसवलेली असते, चांदीचं ताट काय, सोन्याची वाटी काय, आणि सगळे नावाची वाट बघत बसलेले. पहिल्या ओळीला पण कामाला लावायचा प्रयत्न करा. हा बघा एक बनवलेला: "बेळगावचा कुंदा, गोकाकचं करदंट, ...रावांचं नाव घेते, आता डीजे करा बंद." यमक काही पक्कं नाही, चालतं. मुद्दा असा की मंडपात तेव्हा खरंच डीजे वाजत असेल तर हा उखाणा पुढच्या लग्नात दुसरी कुणीतरी घेणारच.

सहावी पायरी: आपली बोली, खरं शोभेल तिथंच

बेळगावचा माणूस माईक घेतला की एकदम पुण्याचा होतो. नको. "पण"च्या जागी "खरं" आपल्या तोंडात आहे, "की" आहे, "गा" आहे, आणि समोर बसलेल्यांच्या पण तेच तोंडात आहे. वाक्य त्यांच्या तोंडात बसवायचंय ना, मग त्यांचेच शब्द घ्या. "येतो म्हणणारे लय, येणारे चार" हे "आश्वासन देणारे अनेक असतात" पेक्षा कधीही भारी. मात्र बोली म्हणजे विनोद असं समजून मुद्दाम गावंढळ आवाज काढणारे निवेदक असतात, ते ऐकवत नाही. समोरची माणसं तसंच बोलतात, त्यांना ती चेष्टा वाटते आणि वाटणारच.

लिखाणात मात्र जागा बघा. पत्रिकेवर प्रमाण मराठी, स्टेजवर बोली, फ्लेक्सवर दोन्हीच्या मधलं काहीतरी. दुकानाच्या पाटीची ओळ असेल तर अजून एक हिशोब आहे, कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हा कायदा २०२४ पासून कडक झालाय, म्हणजे मराठी ओळीला उरलेल्या जागेतला पण तुकडाच मिळणार, नाव-फोन नंबर-पत्ता जाऊन. तिथं चार शब्दांच्या वर जाऊच नका.

सातवी पायरी: दुसऱ्याच्या तोंडात घालून बघा

ह्या पायरीला पैसे पडत नाहीत आणि तरी कुणी करत नाही. वाक्य तयार झालं की फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तिथं मामा अंगठा देणार, आत्या हात जोडणार, वहिनी फुलं टाकणार, त्यातून काही कळत नाही. एका माणसाला बोलता बोलता सहज ऐकवा, हे मी बनवलंय असं सांगू नका, पुढचा विषय काढा. दुसऱ्या दिवशी विचारा, "काल मी रक्तदानाचं काय म्हटलो होतो गा?"

तीन गोष्टी होऊ शकतात. त्याला आठवतच नाही, मग वाक्य गेलं, परत चौथ्या पायरीवर. त्याला मुद्दा आठवतो पण शब्द नाहीत, म्हणजे वस्तू बरोबर आहे, बांधणी सैल आहे, परत कापा. आणि तिसरं, त्याला आठवतं पण तो थोडं बदलून म्हणतो. इथं लक्ष द्या. "पिशवीवर भाषा लिहित्यात काय?" असं काहीतरी म्हणेल. तुमचा इगो दुखेल, खरं बऱ्याचदा त्याचंच वाक्य चांगलं असतं, कारण ते आता एका तोंडातून जाऊन आलंय. ते घ्या. म्हणींना लेखक नाही तो ह्याचमुळं, शंभर तोंडांनी त्या घासल्यात. एवढं मात्र विचारून बघा की हे आधी कुणाचं ऐकलेलं आहे का, कारण आपल्याला सुचलं असं वाटतं आणि मुळात ते कुठल्यातरी गाडीच्या मागं वाचलेलं असतं.

आठवी पायरी: वापरायचं कसं

एकदाच म्हणा. म्हणायच्या आधी थोडं थांबा, म्हटल्यावर पण थांबा, आणि समजावून सांगू नका. "म्हणजे मला असं म्हणायचंय की..." सुरू केलं की संपलं. अख्ख्या कार्यक्रमात असं एक वाक्य पुरतं, दोन फार झाले. प्रत्येक पाहुण्याच्या आधी एक-एक पंच मारणारा निवेदक अर्ध्या तासात लोकांना नकोसा होतो, मग पाहुणे कमी आणि निवेदकच जास्त असा कार्यक्रम होतो, असे कार्यक्रम आपण सगळ्यांनी सोसलेत.

काय करायचं नाही ते पण सांगतो. माणसाच्या व्यंगावर, रंगावर, जातीवर, आडनावावर वाक्य बनवू नका. ज्याला ही कला असते त्याला हा मोह फार असतो, कारण ते पटकन जमतं आणि पटकन फिरतं, आणि गावात एकदा चिकटलेलं टोपणनाव नातवापर्यंत जातं, पुसायला जमत नाही. बनवणारा विसरतो, ज्याला चिकटलं तो विसरत नाही. आणि सीमाभागात राहतोय तर मिरवणुकीत भाषेवरून डिवचणारी घोषणा तोंडात आली तरी गिळा. तुम्ही आवाज देऊन घरी जाल, दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला मंडळाच्या पोरांना बसावं लागतं. आपल्या भाषेबद्दल जोरात बोलता येतं, त्याला शेजाऱ्याची भाषा लागत नाही.

आता ज्याचा कार्यक्रम उद्याच आहे आणि ज्यानं हे सगळं आज रात्री वाचलं, त्याच्यासाठी शॉर्टकट. पाहुण्याच्या गावाला नाहीतर घरी एक फोन लावा आणि दोनच प्रश्न विचारा, ते सकाळी उठून पहिलं काय करतात आणि त्यांच्या हातात कायम कुठली वस्तू असते. कुणाचा चष्मा दोऱ्याला बांधलेला असतो, कुणी निवृत्त झाल्यावर पण शाळेची बेल झाली की उठून उभं राहतं, कुणी शेताची किल्ली खिशातून काढत नाही. तेवढं एक घ्या आणि त्यावर ओळख करून द्या, "थोर विचारवंत, कुशल संघटक, हाडाचे शिक्षक" ही माळ सोडून द्या, ती प्रत्येकाच्याच गळ्यात असते. वाक्य सकाळी दाढी करताना, गाडीवर जाताना म्हणत राहा म्हणजे चिठ्ठी लागत नाही. आणि माईक टेस्टिंगला "हॅलो हॅलो, वन टू थ्री"च्या जागी तेच म्हणून बघा. खुर्च्या मांडणारा मंडपवाला हातातली खुर्ची तशीच धरून वर बघत असेल तर ठेवा, बघत नसेल तर अजून अर्धा तास आहे.